कार्ल्सरूहची पंगत

लग्नघरात सर्वांत कमी कौतुक कुणाचे होत असेल तर ते वाढप्यांचे. वरमाई रुसली तर तिची समजूत घालायला दहा माणसे धावतात, आचाऱ्याच्या जिलब्यांची वाखाणणी गावभर होते, भटजींना दक्षिणा मिळते. पण उकडत्या मांडवात कमरेला पंचा बांधून, हातात भाताची परात घेऊन, तीन-तीन पंगती उठेपर्यंत वाकून वाकून वाढणारी जी पोरे असतात त्यांची नावे कुणी विचारीत नाही. सगळ्यांची जेवणे आटोपली, की उरलेल्या मसालेभातावर आणि तळाला गेलेल्या मठ्ठ्यावर ती आपली शेवटची पंगत मांडतात. आणि माझा अनुभव असा, की सबंध लग्नातली खरी मजा त्या शेवटच्या पंगतीलाच असते.

असेच वाढपी मी २०२२ साली जर्मनीत पाहिले. पंगत लग्नाची नव्हती. जगातल्या साडेतीनशे ख्रिस्ती मंडळ्या आपापली भांडणे घेऊन एका मांडवाखाली जमल्या होत्या, आणि त्यांची उठबस करायला देशोदेशींची तरुण मुले आली होती. धर्मपरिषद म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ, लांबलचक भाषणे आणि पेंगणारे श्रोते उभे राहतात. तेही तिथे होतेच! पण मला सांगायचे आहे ते या पोरांबद्दल.

मी तिथे कशी पोचले? तर आजकालच्या कितीतरी आई-वडिलांसारखी, मुलाकडे. आमचा मुलगा कार्ल्सरूह नावाच्या गावी नोकरीला आहे. जुलैमध्ये आम्ही दोघे गेलो तो उन्हाने जीव नकोसा झालेला. नागपूरची माणसे आम्ही, पण त्या वर्षी युरोपातही ऊन असे तापले होते की ऱ्हाईन नदीचे पात्र आटून गेले होते. गाव मात्र देखणे. एका राजाने १७१५ मध्ये मधोमध वाडा बांधला आणि वाड्यापासून उलगडलेल्या पंख्याच्या काड्यांसारखे बत्तीस रस्ते काढले. त्यामुळे तिथे वाट चुकणे अवघड. कुठूनही सरळ चालत राहिले तर राजवाड्याशी येते. दुचाकीचा मूळपुरुष कार्ल ड्राइस याच गावचा, आणि जर्मनीचे घटनात्मक न्यायालयही इथेच.

ऑगस्ट संपत आला तसे गावाचे रूप पालटू लागले. ट्राममध्ये काळ्या झग्यातले दाढीवाले धर्मगुरू दिसू लागले. आफ्रिकेतल्या बायका रंगीबेरंगी फडकी डोक्याला बांधून भाजीबाजारात हिंडू लागल्या. मी सुनेला विचारले, “इथे काय जत्रा आहे का?” ती म्हणाली, “तसेच समजा, आई.”

ही जत्रा म्हणजे जागतिक चर्च परिषदेचे अकरावे महाअधिवेशन. दुसऱ्या महायुद्धाने युरोप बेचिराख झाल्यावर, १९४८ साली ॲमस्टरडॅम येथे या परिषदेची स्थापना झाली. एकाच येशूचे नाव घेणारी माणसे एकमेकांचे गळे कापतात याची ज्यांना लाज वाटली त्यांनी ती स्थापली, असे थोडक्यात म्हणता येईल. लुथरन, अँग्लिकन, मेथॉडिस्ट, रशियाचे व ग्रीसचे ऑर्थोडॉक्स, आपल्या केरळातले सीरियन, अशा ३५२ मंडळ्या २०२२ साली तिच्या सभासद होत्या आणि त्यांच्या अनुयायांची संख्या ५८ कोटींच्या घरात जात होती. रोमन कॅथलिक चर्च सभासद नाही. पण त्याचे निरीक्षक येतात. ते पहिल्यांदा अधिकृतपणे आले ते १९६१ साली आपल्या दिल्लीत, विज्ञान भवनात भरलेल्या तिसऱ्या महाअधिवेशनाला. साधारण सात-आठ वर्षांनी एकदा असा सोहळा होतो. कार्ल्सरूहचा २०२१ साली व्हायचा होता. महामारीमुळे तो वर्षभर लांबला.

तारीख कोणती पडावी? ३१ ऑगस्ट. म्हणजे आमची गणेश चतुर्थी! मी स्वयंपाकघरात उकडीच्या मोदकांना कळ्या पाडते आहे आणि मुलगा दिवाणखान्यात बसून परिषदेचे उद्घाटन पाहतो आहे, असा त्या दिवसाचा थाट होता. जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांचे भाषण झाले आणि ते चांगलेच गाजले. युक्रेनवर युद्ध लादले गेले होते आणि रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे पुढारी त्या युद्धाची पाठराखण करीत होते. ते आपल्या अनुयायांना भलत्याच वाटेने नेत आहेत, असे राष्ट्राध्यक्षांनी भरसभेत बजावले. आणि त्या सभेत रशियाचे प्रतिनिधी बसले होते, युक्रेनचे पाहुणेही होते. मुलगा म्हणाला, “आई, पाहुण्यांना घरी बोलावून असे कुणी सुनावते का?” मी म्हटले, “घरच्याच माणसाने आग लावली असेल तर सुनवावेच लागते.”

दुसऱ्या दिवशी मी नातीला घेऊन तो मांडव पाहायला निघाले. बरोबर शेजारच्या बाई होत्या. बालवाडीतून निवृत्त झालेल्या, चांगल्या उंचनिंच आणि हसऱ्या. त्यांचे-माझे संभाषण म्हणजे माझे दोन आणे इंग्रजी, त्यांचे चार आणे आणि बाकी दहा आणे हातवारे. त्यांनी बाहेरच्या लोकांसाठी असलेली दिवसभराची तिकिटे काढली होती. गावच्या प्राणिसंग्रहालयाला लागूनच सभागृहांचा समूह आहे. त्यातल्या मुख्य सभागृहाचे छप्पर घोड्याच्या खोगिरासारखे वाकवलेले आहे. ते १९५३ साली बांधलेले. समोरच्या पटांगणावर प्रार्थनेसाठी भलामोठा तंबू. माणसांची ही गर्दी! चार हजारांच्या आसपास मंडळी जमली असतील.

नात मागे रेंगाळली म्हणून मी ओरडले, “अगं, चल ना पटकन!” तोच फाटकाशी उभी असलेली एक सावळी, ठेंगणी मुलगी गर्रकन वळली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही पुण्याच्या का?”

परदेशात मराठी ऐकले की काय होते ते ज्याचे त्यालाच ठाऊक. मी म्हटले, “पुण्याची नव्हे गं, नागपूरची. पण तू कुठली?” ती निघाली रांचीकडची, उरांव जमातीची. पुण्याला कॉलेजात तीन वर्षे होती. मेसच्या काकूंनी तिला जेवण आणि मराठी एकदमच वाढले होते. “बस का”, “अजून घे”, “उशीर का झाला” एवढे तिला अस्खलित येई. बाकीची भर हिंदीची. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर पिशवी, हातात नकाशांचा गठ्ठा. ती या परिषदेची स्टुअर्ड होती.

स्टुअर्ड म्हणजे आपल्या भाषेत सांगायचे तर वाढपीच. अठरा ते तीस या वयाची मुले-मुली देशोदेशींहून अर्ज करतात आणि त्यांतून निवड होते. पगार नाही, राहायची-जेवायची सोय असते. परिषदेच्या काही दिवस आधीच त्यांना बोलावून घेतात. कामे तर शिकवतातच. पण एकमेकांचे पंथ, त्यांचे इतिहास, त्यांच्या जुन्या जखमा यांचाही अभ्यास करून घेतात. आणि घरी परतल्यावर आपल्या गावी पंथापंथांना जोडणारे एखादे काम उभे करायचे, हे त्यांच्याकडून अपेक्षित असते. ही शेवटची अट मला फार आवडली. आपल्याकडे शिबिरे खूप होतात, पण शिबिराहून आलेल्या पोराला “आता तू काय करणार?” असे कुणी विचारीत नाही.

कामे काय म्हणाल तर पडेल ते. सकाळच्या प्रार्थनेला तंबूत पुस्तके वाटायची. सभागृहात हजारो हेडफोन द्यायचे आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचे. कारण भाषणे चार-पाच भाषांत एकाच वेळी उलथीपालथी होत असतात आणि कानाला ते यंत्र नसेल तर अर्धा दिवस नुसती तोंडे हलताना पाहावी लागतात. ठरावांचे कागद टेबलावर नेऊन ठेवायचे. म्हाताऱ्या बिशपांना जिना उतरवायचा. हरवलेले चष्मे शोधायचे. आणि ज्याला बोलायचे आहे त्याच्यापर्यंत माईक पोचवायचा.

या माईकचे काम वाटते तितके सोपे नाही. सभेची रीतच वेगळी आहे. इथे ऊठसूट मते मोजीत नाहीत. बहुमताने अल्पमताला चिरडायचे नाही, होता होईतो सर्वांची संमती मिळवायची, असा दंडक २००६ सालच्या ब्राझिलमधील महाअधिवेशनापासून पाळला जातो. प्रतिनिधींजवळ दोन रंगांची पत्रे असतात, नारिंगी आणि निळे. म्हणणे पटत असले तर नारिंगी छातीशी धरायचे, पटत नसले तर निळे. तोंडाने अवाक्षर न काढता सभेचा कल अध्यक्षांना कळतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला ही युक्ती लागू केली तर किती घसे वाचतील! तर अशा सभेत माईक धरणाऱ्या पोराने आपल्या चेहऱ्यावर ना नारिंगी दिसू द्यायचा, ना निळा. “काकू,” ती मुलगी म्हणाली, “ज्याचे म्हणणे मला मुळीच आवडत नाही, त्याच्याकडेही तेवढ्याच लगबगीने धावायचे. हेच अवघड आहे.” वाढपी पान पाहून वाढतो, पानावरचा माणूस पाहून नव्हे. हे मी तिला मराठीत सांगितले आणि मग हिंदीत समजावले. तिला पटले.

तिच्याबरोबर एक उंच, अबोल मुलगा होता. केरळचा, सीरियन ऑर्थोडॉक्स पंथाचा. संत थॉमस इसवी सन ५२ मध्ये मलबारच्या किनाऱ्याला उतरला अशी त्या लोकांची परंपरा आहे. म्हणजे आपण ज्यांना ‘साहेबाचा धर्म’ म्हणतो, तो यांच्या मते साहेबाच्या कितीतरी आधी आपल्या देशात आला. मुलीच्या घराण्याची कथा अगदी निराळी. बर्लिनहून गॉसनर नावाच्या धर्मोपदेशकाने पाठवलेले चार मिशनरी १८४५ साली रांचीला आले आणि तिथल्या उरांव-मुंडा लोकांत लुथरन पंथ रुजला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन मिशनऱ्यांना हाकलून दिले. मग १९१९ साली त्या आदिवासी मंडळीने आपला कारभार आपल्या हाती घेतला. “म्हणजे ज्यांनी तुम्हाला धर्म दिला त्यांच्याच देशात तू आता त्यांना रांगेत उभे करते आहेस!” मी म्हणाले. ती खूप हसली.

ही दोघे, एक घानाचा मुलगा आणि एक ब्राझिलची मुलगी, असे चौघे मिळून हेडफोनच्या टेबलावर काम करीत. जेवायची सुटी मिळाली की एकाच बाकावर बसून एकमेकांच्या पानातले उचलून खात. मला तो देखावा फार गोड वाटला आणि मी तसे शेजारच्या बाईंना बोलून दाखवले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “हो, खातात एकत्र. पण रविवारी पाहा.”

ही गोष्ट थोडी समजावून सांगायला हवी, कारण सगळी गोम तिथेच आहे.

ख्रिस्ती उपासनेचा गाभा म्हणजे प्रभुभोजन. येशूने मरणापूर्वी शिष्यांबरोबर शेवटचे जेवण घेतले, भाकर मोडून दिली, द्राक्षारसाचा प्याला दिला. त्याची आठवण म्हणून ही भाकर आणि हा प्याला. आता गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, जी गोष्ट सर्वांना एकत्र आणायची तीच त्यांना वेगळे पाडते. त्या भाकरीत नेमके काय असते, ती कुणाच्या हातून घ्यावी, कुणाला द्यावी, यावर शतकानुशतके वाद आहेत. ऑर्थोडॉक्स लोक आपल्या वेदीवर परक्या पंथाच्या माणसाला घेत नाहीत, स्वतःही दुसरीकडे घेत नाहीत. कॅथलिकांचाही नियम बहुतेक तसाच. आपल्याकडे याला पंक्तिभेद म्हणतात. शब्द कडक आहे. ते लोक तो मान्य करणार नाहीत. ते म्हणतील, हा उच्चनीचतेचा प्रश्न नाही, श्रद्धेतल्या प्रामाणिकपणाचा आहे. मनाने एक झालो नसताना एक झाल्याचे सोंग वेदीपुढे कसे करावे? यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. पण पानावरून उठवलेल्या माणसाला कारणमीमांसा ऐकून भूक लागायची राहत नाही.

प्रयत्न पुष्कळ झाले. १९५२ साली स्वीडनमध्ये लुंड येथे विद्वानांनी एक तोड काढली: जिथे मनापासून वेगळे राहणे भागच आहे तेवढे सोडून, बाकी सारे मिळून करावे. तत्त्व सुरेख आहे. १९६० साली स्वित्झर्लंडमध्ये लोझान येथे युरोपातली ख्रिस्ती तरुण मंडळी जमली तेव्हा त्यांनी एकत्र प्रभुभोजनाची उघड मागणीच केली. वडीलधाऱ्यांना घाम फुटला. १९८३ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर येथे सर्वांना जवळची वाटेल अशी एक नवी उपासना बेतून, कँटरबरीच्या आर्चबिशपांच्या हातून ती पार पाडली. तरीही ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक भाकरीपाशी आले नाहीत. पुढे २००२ साली ठरले, की परिषदेने स्वतःच्या नावाने प्रभुभोजन करायचेच नाही. ज्या पंथाला करायचे त्याने आपल्या नावाने करावे. म्हणजे तंबूत सारे मिळून गातात, हात जोडतात, बायबल ऐकतात; आणि मुख्य पान वाढायची वेळ आली की आपापल्या घरी जातात.

शेजारच्या बाईंना हे ऐकीव नव्हते. त्या प्रॉटेस्टंट, यजमान कॅथलिक. कार्ल्सरूह ज्या बाडेन प्रांतात आहे तिथे लुथरन आणि रिफॉर्म्ड या दोन प्रॉटेस्टंट पंथांनी १८२१ सालीच आपले भांडण मिटवून एक चर्च केले. पण कॅथलिकांशी दार तेवढेच बंद. चाळीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोने एक बशी, एक पलंग, एक बँकेचे पुस्तक सारे वाटून घेतले. वेदीपाशी मात्र एकाने गुडघे टेकले की दुसऱ्याने बाकावर बसून राहायचे.

नागपूरच्या माणसाला या विषयात आणखी एक ओढ आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आमच्या सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये उत्तर भारतातल्या सहा निरनिराळ्या ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ जन्माला आले. अँग्लिकन आणि बॅप्टिस्ट यांच्यासारख्यांनी एका छपराखाली यावे, हे जगाला नवल होते. दक्षिणेत असा मिलाप १९४७ सालीच झाला होता. तेव्हा मी बारा वर्षांची. माझी एक वर्गमैत्रीण सदरला राहायची, सोमवारी शाळेत येऊन तिने सांगितले, “काल आमची सहा घरे एक झाली.” आम्हाला त्यातले काय कळणार? पण त्यानंतर आमच्याकडे महालक्ष्म्या आल्या (तुमच्या गौरी, आमच्या नागपूरला महालक्ष्म्या) तेव्हा तिला मी जेवायला बोलावले होते. आजीचे सोवळे कडक. सवाष्ण-ब्राह्मणाची पंगत माजघरात बसली आणि माझ्या मैत्रिणीचे पान पडवीत मांडले गेले. तिला वाढायला मीच गेले. तिने आंबील दोनदा मागून घेतली आणि म्हणाली, “इथे वारा छान आहे.” ते वाक्य पन्नास वर्षे माझ्या मनातून गेलेले नाही.

आणि आता पाहा योगायोग. २०२२ च्या त्या रविवारी, ४ सप्टेंबरला, महालक्ष्म्यांच्या जेवणाचाच दिवस होता! मुखवटे मी काही सामानातून नेले नव्हते. दोन तांब्यांवर नारळ ठेवले, सुनेच्या दोन जरीच्या साड्या नेसवल्या. सोळा भाज्यांच्या जागी सात झाल्या. ज्वारीचे पीठ मात्र नागपूरहून पिशवी भरून आणले होते, म्हणून आंबिलीची अडचण पडली नाही. पुरण वाटायला सुनेचे मिक्सर होते. त्यात ते इतके मऊ झाले की मला पाट्याची आठवणही आली नाही. शेजारच्या बाईंना व त्यांच्या यजमानांना बोलावले होते. त्यांच्याच हाती त्या दोन भारतीय पोरांना निरोप धाडला, की संध्याकाळी काम नसेल तर घरचे जेवायला या.

आली दोघे, ट्रामने. सकाळी मुलगी शेजारच्या बाईंच्या चर्चला गेली होती. मुलगा एकटाच दुसरीकडे, तुर्कस्तान-सीरियातून येऊन जर्मनीत स्थायिक झालेल्या सीरियन ऑर्थोडॉक्स कुटुंबांबरोबर. तिथली प्रार्थना सीरियाक भाषेत. ती त्याला केरळातल्या सवयीने ओळखीची. “शब्द आपले, माणसे अनोळखी,” तो म्हणाला. “इथे माणसे आपली, पण…” त्याने वाक्य पुरे केले नाही.

मी आधीच मोकळेपणी विचारले, “बाळांनो, हे देवीला दाखवलेले आहे. तुम्हाला चालेल ना? नसेल तर सांगा, मला राग नाही.” दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मुलगी म्हणाली, “काकू, नैवेद्याचे ताट तुमच्याकडे ठेवा, आम्हाला स्वयंपाकघरातल्या पातेल्यातले वाढा. म्हणजे तुमची देवीही खूश आणि माझी आईही.” मुलाने सांगितले, की संत पॉलने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पत्रात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. मला ऐकून बरे वाटले. दोन हजार वर्षांपूर्वीही बायकांच्या स्वयंपाकावरून पत्रव्यवहार होत होता तर! त्याचे आणखी एक निघाले: १ ते ८ सप्टेंबर त्यांच्याकडे मरियेच्या जन्मदिवसाआधीचा आठ दिवसांचा उपास असतो, मांस-मासळी वर्ज्य. “चार दिवस उकडलेल्या बटाट्यांवर काढले, आंटी,” तो म्हणाला आणि सातवी पुरणपोळी घेतली.

टेबल लहान, माणसे आठ. म्हणून मी जमिनीवर चादरी अंथरून पंगतच मांडली. शेजारच्या बाई मांडी घालताना कण्हल्या, पण बसल्या. एका ओळीत मी, माझे यजमान, मुलगा, सून. समोर कॅथलिक नवरा, प्रॉटेस्टंट बायको, लुथरन पोरगी, ऑर्थोडॉक्स पोरगा. नात सगळ्यांच्या मधून मीठ वाढीत होती.

जेवता जेवता मुलीने एकदम त्या जर्मन बाईंना इंग्रजीत विचारले, “तुम्ही रविवारी काय करता? म्हणजे, इतकी वर्षे काय केलेत?”

प्रश्न सहज नव्हता हे माझ्यासारख्या बाईच्या लगेच लक्षात येते. हळूहळू उलगडा झाला. रांचीच्या बाजूला लुथरनांच्या मागोमाग, १८८५ पासून, बेल्जियमचे जेझुइट पाद्री लिव्हेन्स यांनी काम केले आणि हजारो लोक कॅथलिक झाले. त्यामुळे एकाच गावात, एकाच जमातीत, एका विहिरीवर पाणी भरणारी निम्मी घरे लुथरन आणि निम्मी कॅथलिक. हिचे लग्न ठरू घातले होते, मुलगा कॅथलिक. दोन्ही आयांना पोर पसंत. अडले होते ते रविवारपाशी. मुले कुठल्या चर्चमध्ये न्यायची, आणि हिने पंथ सोडायचा की त्याने? “अर्ज भरला तेव्हा वाटले होते, एवढी मोठी परिषद आहे, इथे कुणीतरी याचे उत्तर काढले असेल,” ती म्हणाली. “मी कागद वाटते ना, म्हणून सगळे कागद वाचते. उत्तर अजून नाही.”

त्या बाईंनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, “पहिली दहा वर्षे आम्ही भांडलो. पुढची दहा वर्षे दोघेही कुठेच गेलो नाही. मग हे आजारी पडले. तेव्हापासून एक रविवार यांच्याकडे, एक माझ्याकडे. जिथे घेता येत नाही तिथे दुसऱ्याने शेजारी बसून राहायचे. उठून जायचे नाही.”

यजमान इतका वेळ काही बोलले नव्हते. त्यांनी बायकोकडे न पाहता म्हटले, “बसून राहणे सोपे नसते.”

पंगतीत कुणी काही बोलेना. सुनेने शहाणपणाने कढी आणली. केरळच्या मुलाने मुलीच्या पानात भात वाढला आणि मल्याळीत काहीतरी पुटपुटला. तिला मल्याळी येत नव्हते, पण ती हसली.

निघताना दोघांबरोबर मी डबा दिला, घानाच्या आणि ब्राझिलच्या पोरांसाठी. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला त्यांना तंबूत खुर्च्या लावायच्या होत्या.

८ सप्टेंबरला परिषद संपली. जाहीर पत्रके निघाली, शांततेचे आणि हवामानाचे ठराव झाले, पुढारी विमाने गाठायला गेले. मी मुद्दाम शेवटचा निरोप घ्यायला गेले तो सभागृहात रिकाम्या खुर्च्या आणि लांब टेबलावर हेडफोनचे डोंगर. चौघे वाढपी शर्टाच्या बाह्या सारून मोजीत होते. घानाचा मुलगा आकडे पुकारीत होता, केरळचा लिहून घेत होता. मुलीने मला पाहिले आणि धावत आली. तिने घरी गेल्यावर करायचे काम ठरवले होते: तिच्या भागातल्या लुथरन आणि कॅथलिक तरुणांना आठवडाभर एकत्र आणायचे, गावातल्या त्या विहिरीचा कठडा बांधायचा, आणि आठवडाभर एका चुलीवर जेवायचे. प्रवचन नाही, भाषण नाही. पाळक आणि फादर या दोघांना आमंत्रण. पण येताना फावडे घेऊन यावे, असे ती लिहिणार होती.

“छान आहे गं,” मी म्हटले. “आणि लग्नाचे?”

मागून घानाचा मुलगा ओरडला, की चौदा कमी भरताहेत.

“आधी हेडफोन मोजू द्या, काकू,” ती म्हणाली आणि पळाली.